अनुबियास, जावा फर्न वाळूत पुरू नका, दगडाला चिकटवा

माशांच्या टाकीत लावलेलं अनुबियास किंवा जावा फर्न हे पाणझाड काही आठवड्यांत बुडापासून कुजतं, कारण त्याचं आडवं जाड खोड वाळूत गाडलेलं असतं. खोड उघडंच हवं.

१. कुंडीतून काढून मुळांभोवतीचा लोकरीसारखे तंतू चिमट्याने पूर्ण काढा. मुळं २-३ सेंमी ठेवून कापा, पिवळी पानं देठापासून छाटा.

२. सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद (सुपरग्लू) घ्या, तोही जेल प्रकारचा. पातळ गोंद ओघळतो. कोरड्या दगडावर वाटाण्याएवढे २-३ ठिपके द्या.

३. मुळं आणि खोडाची फक्त खालची बाजू टिपून ठिपक्यांवर २०-३० सेकंद दाबा. पानं तेवढी ओली ठेवा. मग दगड पाण्यात सोडा. पाणी लागताच गोंद घट्ट होतो. पांढरा डाग दिसेल, त्याने माशांना काही होत नाही.

गोंद नको असेल तर सुती दोरा बांधा. तो विरेपर्यंत मुळं दगड धरतात. दगड शक्यतो सावलीच्या बाजूला ठेवा, कारण ही झाडं हळू वाढतात आणि प्रखर उजेडात पानांवर शेवाळ चढतं.

नव्या पाण्यात जुनी पानं गळू शकतात. खोड दाबून पाहा: टणक असेल तर झाड जिवंत आहे, मऊ भाग मात्र लगेच कापून टाका.