हलका रॉड घ्यायचाय? आधी वजनाचा काटा बाजूला ठेवा

सांगली-साताऱ्याकडं मासे धरायचा रॉड घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, दादा सगळ्यात हलका कुठला ते सांगा. मग कुणी ९५ ग्रॅमवाल्याचा फोटो टाकतं, कुणी ८८ वाल्याचा, आणि पोरगं त्यातला सगळ्यात कमी आकड्याचा मागवून मोकळं होतं, आणि त्यावर लावतं काय तर घरात पडलेलं चारशे ग्रॅमचं जुनं रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी. कारखान्यावर ऊस घालताना काट्यावरचा आकडा बघायचा असतो मर्दा, रॉड घेताना नाही. रॉड घ्यायचा तो तुम्ही काय फेकणार आणि कुठं उभं राहून फेकणार यावर, ग्रॅम त्याच्यानंतर.

आता हे हलके रॉड बरेचसे बास रॉड म्हणूनच विकले जातात, तर बास म्हणजे काय ते आधी बघू. हा मूळचा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, गवतात नाहीतर बुडालेल्या झाडाच्या आडोशाला दबा धरून बसणारा. १९२५ मध्ये तो जपानमध्ये आशी तलावात नेऊन सोडला आणि तिथंही लोकांना त्याचा नाद लागला, शिमानो आणि दायवा या दोन्ही जपानी कंपन्या आज बाससाठी ढिगानं रॉड बनवतात. सगळ्यात मोठ्या बासची नोंद १९३२ ची जॉर्जियातली, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात तिची बरोबरी झाली, दोन्ही मासे साधारण दहा किलोचे. पण हे अपवाद झाले, रोजचा बास किलो-दोन किलोच्या आतबाहेरचा आणि हलका बास रॉड त्याच हिशोबानं बनवलेला असतो. आपल्या कृष्णेत बास नाही, पण मरळ आहे, आणि मरळीची सवय बरीचशी तशीच, आडोसा धरून बसायचं आणि समोरून काही गेलं की झडप. त्यामुळं हा रॉड आपल्याकडं चालतो, फक्त कुठं चालतो आणि कुठं नाही ते कळलं पाहिजे.

मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरात जे छापलेलं असतं ते वाचायला शिका, निम्मं काम तिथंच होतं. लांबी, पॉवर, लूरचं (म्हणजे फेकायच्या नकली आमिषाचं) वजन आणि लाइन (म्हणजे दोरी) असं गणित तिथं असतं. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, सगळ्यात नाजूक अल्ट्रालाइट म्हणजे यूएल, मग एल (लाइट), एमएल (मीडियम लाइट), एम (मीडियम), एमएच (मीडियम हेवी) अशी चढती भाजणी. ढोबळ हिशोब असा की यूएल १ ते ७ ग्रॅमची लूर फेकतो, एमएल साधारण साडेतीन ते १४, एम ७ ते २१ आणि एमएच दहाच्या पुढं २८ पर्यंत. कंपनीगणिक हे इकडंतिकडं होतं, एकाचा एल हा दुसऱ्याचा एमएल निघू शकतो, म्हणून अक्षरावर जाऊ नका, ग्रॅमचा आकडा बघा. (हे ग्रॅम लूरचे बरं का, रॉडचे नाही.) आणि वजन औंसात दिलं असेल तर एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, म्हणजे पाव औंस ७ ग्रॅम आणि अर्धा औंस १४.

यात एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. साडेतीन ते १४ लिहिलंय म्हणून १४ ग्रॅम मस्त जाईल असं नसतं, रॉड सगळ्यात गोड चालतो तो मधल्या आकड्याला, म्हणजे या रॉडवर ६ ते १० ग्रॅम. शेवटचा आकडा म्हणजे तेवढं तो सोसेल इतकंच, आणि पहिल्या आकड्याला रॉड नीट वाकतच नाही, न वाकलेल्या रॉडनं लूर जात नाही, तुम्ही मग हातानं जोर लावता आणि खांदा धरतो. तेव्हा आधी तुमचा डबा उघडा आणि आत काय आहे ते बघा. दोन-तीन ग्रॅमचे बारके स्पिनर (गरगर फिरणाऱ्या पात्याची लूर), छोटी जिग (गळालाच शिशाचं डोकं असलेली लूर), गांडूळ लावून चिलापी असा कारभार असेल तर यूएल किंवा एल. पाच ते दहा ग्रॅमचे स्पिनर, छोटे क्रँकबेट (माशासारखी कडक लूर), सॉफ्ट प्लास्टिक (रबरी मऊ किडे) असेल तर एमएल, आणि खरं सांगायचं तर आपल्या भागात एकच रॉड घ्यायचा असेल तर माझं मत डोळे झाकून एमएललाच.

आता फ्रॉग, म्हणजे बेडकासारखी लूर. इथं लय जण फसतात. रबरी पोकळ बेडूक १० ते १५ ग्रॅमचा असतो, काहींचं वजन एमएलच्या आकड्यात बसतं, फेकलाही जातो, मग काय अडचण? अडचण अशी की मरळ बेडूक घेते ती जलपर्णीच्या मधोमध, गळ दोन आणि जाड, ते तिच्या कडक जबड्यात घुसवायचे तर झटका दणकट पाहिजे, आणि लागल्याबरोबर तिला वर ओढून पर्णीवरून सरकवत आणायची असते, खाली बुडी मारली की संपलं. एमएलचा शेंडा त्या झटक्यात नुसता वाकून बसतो, जोर गळापर्यंत पोचतच नाही. जलपर्णीतली मरळ हे एमएच किंवा हेवी रॉडचं काम आहे आणि त्याला जाड ब्रेडेड म्हणजे विणलेली लाइन, तिथं हलका रॉड नेऊच नका. मोकळ्या पाण्यात, दगडांच्या कडेला, बंधाऱ्याच्या खालच्या डबक्यात मरळ असेल तर हलक्या रॉडवर तिच्याशी खेळायची मजा वेगळीच. शिवडा मोठा होतो, त्याच्या मागं लागणाऱ्यानंही हलका रॉड घरी ठेवावा.

पॉवरच्या शेजारी ॲक्शन लिहिलेली असते आणि बरेच जण या दोन्हीत घोळ घालतात. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे कुठून वाकतो. फास्टमध्ये फक्त वरचा शेंडा वाकतो, मॉडरेटमध्ये निम्म्यापर्यंत, स्लोमध्ये पार मुठीपर्यंत. एका मोठ्या गळाची लूर, जिग किंवा सॉफ्ट प्लास्टिकचा किडा वापरणार असाल तर फास्ट घ्या, माशानं नुसतं टुक केलं तरी बोटाला कळतं. तीन काट्यांचा गळ असलेल्या क्रँकबेटला मात्र मॉडरेट बरा, कारण ते गळ बारीक असतात, रॉड कडक असला की माशाच्या झटक्यात तोंडातून निसटतात, मऊ रॉड तो झटका गिळून टाकतो. दोन्ही थोडं थोडं करणार असाल तर मॉडरेट फास्ट म्हणून मधला प्रकार मिळतो, पहिल्या रॉडला तोच ठीक.

कुठं उभं राहणार हा मुद्दा इंटरनेटवरच्या अमेरिकन व्हिडिओत फारसं कुणी सांगत नाही कारण त्यातले बरेच जण बोटीत बसून मासे धरतात. आपण काठावर. आणि आपल्या कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात सगळ्यांना माहितीय, त्यामुळं गुडघाभर पाण्यात उतरून फेकायचं हा विषयच बंद, पाण्याला चिकटून बसायचंही नाही. मागं उभं राहून फेकायचं म्हणजे लांब रॉड पाहिजे, सात फूट किंवा थोडा वर, त्यानं लूरही लांब जाते आणि काठावरच्या गवतावरून लाइन वर उचलून धरता येते. घाटाच्या पायऱ्यांवर किंवा धोम, कण्हेर धरणांच्या उघड्या काठावर, जिथं वारा लूर मागं ढकलतो, तिथंही सात फूटच. पण ओढ्याकाठी, बाभळी आणि घाणेरीच्या झुडपात, किंवा ऊस जिथं थेट पाण्यापर्यंत आलाय तिथं सात फुटी रॉड मागं फिरवायलाच जागा नसते, तिथं सहा फूट किंवा त्याहून कमी. दोन्हीकडं जाणार असाल तर साडेसहा घ्या आणि भांडण मिटवा.

आता येऊ ग्रॅमवर, कारण त्यात अगदीच काही नाही असं नाही. साडेसहा-सात फुटी हलका कार्बन रॉड साधारण ९० ते १३० ग्रॅममध्ये असतो, फायबरग्लासचा असला तर बराच जड. आकड्यातला दहा-पंधरा ग्रॅमचा फरक हाताला कळत नाही, कळतं ते वजन कुठं आहे हे. शेंडा जड असेल तर १०० ग्रॅमचा रॉडही तासाभरात मनगट मोडतो, आणि वजन मुठीकडं असेल तर १२५ चा रॉड दिवसभर चालतो. म्हणून दुकानात जाताना स्वतःचं रील खिशात घालून जा. रील लावा, रीलच्या थोडंसं पुढं रॉडखाली एक बोट धरा आणि बघा तो आडवा राहतो का. शेंडा खाली गेला तर नको, मूठ थोडी खाली गेली तर हरकत नाही. या रॉडला १००० ते २५०० साइजचं स्पिनिंग रील (रॉडच्या खाली लटकणारं) पुरतं, दोनशे ते अडीचशे ग्रॅमच्या आसपासचं. बेटकास्टिंगचा (रॉडच्या वर बसणाऱ्या रीलचा) नाद हलक्या रॉडवर नको, सात ग्रॅमच्या खाली साध्या बेटकास्टरवर लाइनचा गुंता सोडवण्यातच संध्याकाळ जाते, त्यासाठी वेगळी महागडी रील येतात. लाइन ८ ते १५ पाउंडची बारीक ब्रेडेड आणि पुढं हात-दोन हात फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे लाइन आणि लूरच्या मधला पारदर्शक तुकडा.

कार्बनच्या बाबतीत २४ टन, ३० टन, ४० टन असं लिहून भाव चढवतात. टन म्हणजे धाग्याचा कडकपणा. जास्त टनाचा धागा कडक, म्हणून तो कमी वापरून तेवढाच ताठ रॉड होतो आणि वजन उतरतं, पण भिंत पातळ झाली की ठेच लागल्यावर फुटायची भीती वाढते. एका कंपनीच्या ३० टनाची दुसरीच्या ३० टनाशी तुलना करण्यात अर्थ नाही, रॉडमध्ये तो धागा किती आणि राळ कसली हे लिहिलेलं नसतं. बाइकवर दोघं बसून, मधे रॉड आडवा धरून, खड्ड्याखड्ड्यातून जाणाऱ्यांनी २४-३० टनाचा किंवा कार्बन-ग्लास मिक्स घ्यावा, चार ग्रॅम जड का असेना. लहान पोराला पहिला रॉड द्यायचा असेल तर सरळ ग्लासचा द्या, दारात सापडला तरी सहज मोडत नाही.

बाइकवरनं आठवलं, एकसंध रॉड की दोन तुकड्यांचा? एकसंध छान लागतो हे खरं, पण सात फुटी काठी एसटीत कुठं ठेवणार? दोन तुकड्यांचा घ्या, आजकालचे जोड चांगले असतात. जोडताना दोन्ही तुकड्यांवरच्या कड्या (ज्यातून लाइन ओवतात त्या) एकमेकींना थोड्या तिरक्या ठेवून घुसवा आणि फिरवत सरळ रेषेत आणा, आणि दुपारभर फेकताना मधे एकदा जोड चाचपून बघा, सैल झालेल्या जोडावर रॉड तडकतो.

दुकानात हातात घेतल्यावर डोळ्याला लावून रॉड सरळ बघा, सगळ्या कड्या एका ओळीत पाहिजेत. प्रत्येक कडीच्या आतून कापूस फिरवा, धागा अडकला तर आतली रिंग तडकलेली आहे, ती लाइन कापणार. शेंडा छताला टेकवून दाबून दाखवणारे दुकानदार असतात, तसा दाबलेला पीस घेऊच नका. कुणाला तरी शेंड्याची लाइन हळू ओढायला सांगा आणि रॉड कुठून वाकतो ते स्वतः बघा. मूठ कॉर्कची असेल तर भोकं मसाल्यानं बुजवलीत का बघा, नाहीतर ईव्हीए फोमची घ्या, स्वस्तात ती बरी टिकते.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या नदीकाठी शेतीपंपांच्या तारा किती खाली आलेल्या असतात माहितीय ना, सात फुटी रॉड डोक्यावर फिरवताना वर बघायची सवय लावून घ्या, आणि वळवाचं आभाळ आलं, गडगडायला लागलं की रॉड आडवा ठेवून बाजूला व्हा.

फेकण्याआधी विचारूनही घ्या, बऱ्याच धरणांत आणि तलावांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो, तिथल्या सोसायटीला न विचारता गेलं की वाद होतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर रॉड काढायचाच नाही, तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

बजेट दोन-तीन हजाराचं असेल तर रॉडमध्ये सगळे घालू नका. ठीकठाक एमएल रॉड आणि गुळगुळीत ड्रॅग (मासा ओढेल तशी लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) असलेलं रील हे महागडा रॉड आणि भंगार रील यापेक्षा कधीही चांगलं, कारण बारीक लाइनवर मासा पळाला की ड्रॅग अडखळला तर तिथंच लाइन तुटते, रॉड कितीही भारी असू दे. ऑनलाइन मागवलात तर पार्सल उघडताना व्हिडिओ करा, शेंड्याकडची कडी आणि जोड आधी बघा, आणि मासा लागला की रॉड उभा करून त्याला उचलू नका, काठावर आला की लाइन धरा किंवा जाळी लावा.