स्पॅनिश शिकण्याचं ॲप निवडताना या चुका टाळा

"मला बघून समजतं", "माझ्या ऐकून लक्षात राहतं" असं स्वतःच ठरवून त्या हिशेबाने ॲप घेणं ही पहिली चूक, आणि बहुतेकांना तीच महाग पडते. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा ज्याच्या त्याच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. आवडनिवड असते, नाही असं नाही. पण चित्रं आवडतात म्हणून चित्रांचंच ॲप घेतलं, तर चित्रं पटापट ओळखता येतात आणि समोरच्याने सलग दोन वाक्यं टाकली की बोबडी वळते. म्हणून आधी दोन गोष्टी ठरवा. स्पॅनिश नेमकं कशासाठी हवंय, आणि दिवसातला कोणता वेळ खरंच मोकळा सापडतो?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत निर्यातीचं काम बघणारा माणूस घ्या. गिऱ्हाईक मेक्सिकोचं. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, म्हणजे तिकडचे सकाळचे नऊ हे इकडचे रात्रीचे साडेआठ. त्याला फोनवर ऐकून लगेच उत्तर द्यायचंय, त्यामुळे ऑडिओ धडे हवेत. पिम्सलर या ऑडिओ ॲपचा एक धडा साधारण अर्ध्या तासाचा, रंकाळ्यावर फिरता फिरता होतो. पैसे घालायचे नसतील तर लँग्वेज ट्रान्सफरचा ९० छोट्या ऑडिओंचा कोर्स फुकट आहे आणि चांगला आहे. दोन्हींत अट एकच: प्रश्नानंतरच्या मोकळ्या जागेत उत्तर मोठ्याने द्यायचं. लोक बघतील म्हणून मनातल्या मनात म्हटलं, तर धडा वाया गेला. आणि गाडी चालवताना कानात इअरफोन नको.

परीक्षा द्यायची असेल तर गणित वेगळं. इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या 'देले' या स्पॅनिशच्या परीक्षेत, बहुतेक पातळ्यांना, वाचन आणि लेखन हा एक गट, ऐकणं आणि बोलणं हा दुसरा. प्रत्येक गटात ५० पैकी किमान ३० गुण लागतात. एका गटातले जास्तीचे गुण दुसऱ्यात चालत नाहीत. नुसतं टिचक्या मारायला लावणारं ॲप लेखनाची तयारी करून घेत नाही. तिथे बुसूसारखं ॲप कामाला येतं, कारण तुम्ही लिहिलेलं ती भाषा बोलणारी माणसं तपासून देतात.

कुठल्या देशाचं स्पॅनिश हे न बघता पैसे भरणारेही बरेच. डुओलिंगोचा कल लॅटिन अमेरिकेकडे आहे. स्पेनमध्ये रोज कानावर पडणारं 'वोसोत्रोस', म्हणजे आपल्या माणसांसाठीचं 'तुम्ही', त्यात जवळजवळ भेटतच नाही. स्पेनला शिकायला जाणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं. पिम्सलर आणि रोझेटा स्टोनमध्ये स्पेन आणि लॅटिन अमेरिका असे वेगळे कोर्स असतात. घाईत दुसराच निवडला जातो.

ही ॲप्स बहुधा इंग्रजीतून समजावतात, आणि इंग्रजी माणसाला जे अवघड तेच आपल्यालाही अवघड असं धरून चालतात. खरं तर 'मे गुस्ता एल काफे' ही रचना 'मला कॉफी आवडते'चीच सख्खी बहीण. नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलणं आपल्याला नवं नाही, आणि तिकडचे त, द, प, क जवळपास आपलेच. असे धडे रेंगाळत करू नका. सुरुवातीची चाचणी देऊन पुढच्या पातळीवर जा. वाचलेला वेळ 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असणे'मध्ये घाला. आपण अडकतो ते तिथे.

आता अडचणी. ॲप तुमचा उच्चार चूकच म्हणत असेल, तर जिभेला दोष देण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला मायक्रोफोनची परवानगी आहे का बघा, ब्लूटूथ काढून बोला, पंखा बंद करा. मशीनच्या आवाजात ही तपासणी चालत नाही. लिहिताना अक्षरं आपोआप बदलत असतील तर जीबोर्डच्या 'लँग्वेजेस'मध्ये स्पॅनिश कीबोर्ड जोडा. 'एन'वरची नागमोडी रेघ विसरू नका: 'आन्यो' म्हणजे वर्ष, रेघ गेली की 'आनो', आणि वय सांगताना भलत्याच अवयवाचा उल्लेख होतो.

अंकी, म्हणजे शब्दांची कार्डं पुन्हा पुन्हा दाखवून पाठ करून घेणारं ॲप, वापरणारे मात्र ठरलेल्या ठिकाणी बुडतात. रोज २० नवी कार्डं ही त्यातली मूळ सेटिंग. प्रत्येक कार्ड उजळणीला पुन्हा पुन्हा येत असल्याने काही आठवड्यांत रोजचा ढीग दीडशे-दोनशेवर जातो, एक दिवस चुकतो आणि ॲप उघडायचीच भीती वाटते. डेक ऑप्शन्समध्ये नवी कार्डं ५ ते ८ वर आणा. ढीग साचलाच असेल तर नवी शून्य करा आणि जुनी संपेपर्यंत तशीच ठेवा. आयतं ५००० शब्दांचं डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवण्यापेक्षा धड्यात भेटलेली अख्खी वाक्यं टाका. अँड्रॉइडवर अंकीड्रॉइड फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात.

वर्षाचं सभासदत्व पहिल्याच दिवशी घेऊ नका. आठवडाभर फुकटातलं वापरा, सातव्या दिवशी फोन बाजूला ठेवून स्वतःबद्दल मिनिटभर स्पॅनिशमध्ये बोलून बघा. चार वाक्यंही निघाली नाहीत, तर स्ट्रीक, म्हणजे न चुकता धडा केलेल्या सलग दिवसांची मोजणी, कितीही लांब असो, ॲप बदला. आणि ॲप फोनवरून काढलं म्हणजे पैसे कापायचे थांबत नाहीत. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मधून रद्द करावं लागतं, तेही फुकटची मुदत संपायच्या आदल्या दिवसापर्यंत. यूपीआयने भरले असतील तर ऑटोपेच्या यादीतूनही ते नाव गेलंय का, एकदा बघून घ्या.