शहर दहावर अडकलंय? शेतं वाढवण्याआधी या चुका तपासा

लढाया न करता मोठी शहरं उभारायची म्हणून सिव्हिलायझेशन ६ हा संगणकावरचा खेळ खेळणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. राजधानीची लोकसंख्या दहापर्यंत भराभर वाढते आणि मग ढिम्म. मग माणूस आणखी शेतं टाकत सुटतो, पण बहुतेक वेळा अडचण धान्याची नसतेच. (खालचे आकडे गॅदरिंग स्टॉर्म हा विस्तार जोडलेल्या खेळाचे, नेहमीच्या वेगाचे आहेत.)

शहरावर क्लिक करून आधी हाउसिंग (किती लोकांना राहायला जागा आहे तो आकडा) बघा. हाउसिंग लोकसंख्येपेक्षा किमान दोनने जास्त असेल तर वाढ पूर्ण वेगाने होते. फरक एकाचा राहिला की वेग निम्मा, बरोबरी झाली की पाव, आणि लोकसंख्या पाचने पुढे गेली की वाढ बंद. दहाचे अकरा व्हायला ११४ धान्य लागतं. दर टर्नला (खेळातल्या पाळीला) ८ धान्य उरत असेल तर हे काम १५ टर्नचं. पण हाउसिंगही दहाच असेल तर त्या ८ मधले फक्त २ मोजले जातात आणि तेच काम ५७ टर्नांवर जातं. अशा वेळी चार शेतं वाढवून हाती काय लागणार?

खरं तर ही चूक पहिल्याच टर्नला होते. गोड्या पाण्याकाठच्या शहराला ५ हाउसिंग मिळतं, समुद्रकाठी ३, कोरड्या जागी २. सेटलर (शहर वसवणारं युनिट) निवडल्यावर नकाशावर गडद हिरवी दिसते ती गोड्या पाण्याची टाइल (नकाशावरचं घर). तिथे पोचायला एक-दोन टर्न गेले तरी जाऊ द्या. पुढे ग्रॅनरीचे (धान्यकोठाराचे) २ मिळतात, राजधानीत राजवाड्याचा १, आणि शेत किंवा कुरण प्रत्येकी अर्धं.

अ‍ॅक्विडक्ट (शहरात पाणी आणणारा कालवा) कुठे बांधायचा यातही गोंधळ होतो. कोरड्या शहराचं पाण्याचं हाउसिंग त्याने थेट ६ वर जातं. नदीकाठच्या शहराला मात्र २ च वाढतं. तेव्हा आधी कोरड्याला द्या. तो शहराच्या केंद्राला चिकटून हवा आणि शेजारी नदी, तलाव, ओअ‍ॅसिस किंवा डोंगर हवा. डोंगर चालतो हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. अशी टाइल बऱ्याचदा एकच असते आणि तिच्यावर नेमका कॅम्पस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट) बसलेला असतो. बांधून झालेला डिस्ट्रिक्ट (शहराचा खास विभाग) पाडता येत नाही, म्हणून शहर वसवलं त्याच टर्नला नकाशावर खूण करून ठेवा. डिस्ट्रिक्टची संख्या लोकसंख्येवर ठरते (१, ४, ७, १० असे टप्पे), पण अ‍ॅक्विडक्ट त्या हिशेबात धरत नाहीत.

भारत घेऊन खेळत असाल तर पायऱ्यांची विहीर वापरा. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव (पायऱ्यांची विहीर) पाहिलेल्या बडोदेकराला ती काय चीज आहे हे सांगायला नको! इरिगेशन तंत्रज्ञान मिळाल्यावर ती बांधता येते. १ धान्य, १ हाउसिंग, आणि सॅनिटेशननंतर आणखी १ हाउसिंग. टेकडीवर चालत नाही आणि दोन वावी शेजारी-शेजारी बांधता येत नाहीत. पहिली चुकीच्या टाइलवर पडली की आजूबाजूच्या सगळ्या जागा बाद.

नदीकाठच्या पुराच्या टाइलवर शेतं खुशाल करा. पुराने नुकसान होतं, पण गाळाने धान्यही वाढतं. महागडा डिस्ट्रिक्ट मात्र तिथे नको. आजवा तलाव भरला की विश्वामित्री नदीकाठची घरं सामान वरच्या मजल्यावर का चढवतात हे बडोद्यात पोराटोरांना कळतं, आणि तरी खेळात हीच मंडळी काठावर बाजारपेठ बांधतात. बट्रेस तंत्रज्ञान मिळाल्यावर धरण बांधा. पूर आवरतो, शिवाय ३ हाउसिंग मिळतं.

आता शेतं. सुटी-सुटी शेतं म्हणजे वाया गेलेले बिल्डर (शेतं वगैरे तयार करणारे कामगार). फ्यूडलिझम ही सिव्हिक (तंत्रज्ञानासारखीच, पण समाजव्यवस्थेची पायरी) मिळाल्यावर प्रत्येक शेताला शेजारच्या दर दोन शेतांमागे १ जादा धान्य मिळतं, म्हणून तीन शेतांचा त्रिकोण हे किमान माप. सुरुवातीला सहा शेतं पुरेत. तेवढ्यावर फ्यूडलिझमची प्रेरणाही (ती लवकर मिळण्याची सवलत) मिळते. उरलेले बिल्डर त्यानंतर सर्फडम हे धोरणाचं कार्ड लावून काढा, म्हणजे तीनऐवजी पाच कामं करतात.

याच खेळाच्या पाचव्या भागावरून आलेले खेळाडू व्यापारी उलट्या दिशेने पाठवतात. तिथे धान्य पोचणाऱ्या शहराला मिळायचं. इथे ते निघालेल्या शहराला मिळतं. वाढवायचं आहे ते नवं शहर, तर व्यापारी तिथूनच निघायला हवा, आणि जायला हवा जास्त डिस्ट्रिक्ट असलेल्या राजधानीकडे.

हाउसिंग आणि धान्य दोन्ही ठीक असूनही वाढ मंद असेल तर अ‍ॅमेनिटी बघा. ही लोकांना खूश ठेवणारी सोय; पहिले दोन नागरिक सोडून दर दोघांमागे एक लागते, म्हणजे बाराच्या शहराला पाच. ती चैनीच्या वस्तूंतून मिळते, आणि एक वस्तू चार शहरांना पुरते. तिचाच दुसरा साठा तुमच्या काहीच कामाचा नाही. तो शेजाऱ्याला देऊन आपल्याकडे नसलेली वस्तू घ्या.

राहिला प्रश्न सैन्याचा. ते शून्यावर ठेवलं की शेजारी चढाई करतो, त्यात नवल नाही. रानटी टोळीचा स्काउट (टेहळ्या) शहर पाहून तळाकडे पळतो, तो पोचण्याआधीच संपवा. पोचला तर टोळीच येते. दोन स्लिंगर (गोफणवाले) पुरतात, आणि स्लिंगरने एक युनिट मारलं की तिरंदाजीचा युरेकाही (ते तंत्रज्ञान लवकर मिळण्याची सवलत) मिळतो. सीमेवरच्या शहराला तटबंदी घाला. नवा राजा भेटला की त्याच टर्नला २५ सोन्याचं शिष्टमंडळ पाठवा, तो राजी होताच मैत्री जाहीर करा. मैत्री ३० टर्न टिकते आणि तेवढ्या काळात तो युद्ध पुकारू शकत नाही. मुदत संपली की त्याच टर्नला पुन्हा विचारा.