कुत्र्याला गाडीतून गावाला नेताय? निदान या चुका टाळा

सुट्ट्या लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. “दादा, टॉमीला घेऊन तुळजापूरला निघालोय. झोपवायची एखादी गोळी सांगा ना, म्हणजे कटकट नाही.” मी काही जनावरांचा डॉक्टर नाही. बरीच वर्षं कुत्री पाळतोय आणि त्यांना घेऊन लातूर, नांदेड, संभाजीनगर फिरतोय, एवढंच माझं भांडवल. पण गोळीचं उत्तर ठरलेलं आहे: देऊ नका. माणसांची तर मुळीच नाही. गुंगीत असलेल्या कुत्र्याचा तोल जातो, अंगातली उष्णता त्याला नीट बाहेर टाकता येत नाही, आणि ते अत्यवस्थ झालं तरी आपल्याला वाटतं, बरं झालं, झोपलंय. गोळी बहुतेक वेळा तोच मागतो, ज्याने कुत्र्याला गाडीची सवय लावायचा कंटाळा केलेला असतो. निघायच्या पंधरा दिवस आधीपासून रोज संध्याकाळी इंजिन बंद ठेवून गाडीत नुसतं बसवा, मग कॉलनीत एक चक्कर, मग बायपासपर्यंत. उलटीचा त्रासच असेल तर कुत्र्यांसाठी वेगळं औषध मिळतं. ते डॉक्टरला विचारून, वजन सांगून आणा.

आता ज्या चुकीवर माझं डोकं खरंच फिरतं तिच्याकडे येतो.

“पाचच मिनिटं, आलोच”

दर्शनाच्या रांगेत आजवर कुणाची पाच मिनिटं पाच मिनिटांत संपली आहेत? तरी माणसं कुत्र्याला गाडीत कोंडून, काच दोन बोटं खाली ठेवून बिनधास्त जातात. बरं, मे महिना असेल तर निदान भीती तरी वाटते. माझ्या चुलतभावाने हे केलं दिवाळीच्या सुट्टीत, वेरूळला. परतीच्या पावसानंतरचं ते ऑक्टोबरचं चिकट ऊन. दोन गाड्यांनी निघालो होतो, माझी मागे राहिली. मी पार्किंगला पोचलो तर त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर आतून लाळेचे ओघळ. भाऊ घृष्णेश्वराच्या रांगेत आणि लॅब्रेडॉर मागच्या सीटवर आडवा. फोन करून त्याला बोलावून घेतलं. दार उघडलं तेव्हा जीभ गडद लाल होऊन बाजूला लोंबत होती, लाळ दोरीसारखी चिकट, उतरवलं तर मागचे पाय लटपटत होते.

भाऊ आधी काय करायला निघाला? बाटली त्याच्या तोंडात कोंबायला. शुद्ध हरपत असलेल्या कुत्र्याच्या घशात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. शेजारच्या रसवंतीवाल्याकडे पाण्याची नळी होती. सावलीत नेऊन पोट, काखा, मांड्यांची आतली बाजू आणि पंजे सतत भिजवत राहिलो, एक जण पुठ्ठ्याने वारा घालत होता. ओला टॉवेल लोक अंगावर पांघरून ठेवतात, तसं करू नका. तो गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. नुसतं पाणी आणि वारा. धाप जरा कमी झाल्यावर एसी पूर्ण सोडून तीसेक किलोमीटरवर संभाजीनगर गाठलं. तिथे पोचल्यावरही ताप १०५ च्या वर होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे अंदाज करा. सलाइन लावली, रात्रभर ठेवून घेतलं, मूत्रपिंडासाठी पुन्हा पुन्हा रक्त तपासलं. वाचला. चुलतभाऊ आजही म्हणतो, “पण काच उघडी होती ना!”

काचेने काही होत नाही. बाहेर ३४ अंश असले तर बंद गाडीत दहाच मिनिटांत साधारण दहा अंश वाढतात आणि अर्ध्या तासात पन्नाशी ओलांडते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर. आतली हवाच तापली की धापा टाकून उपयोग शून्य. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांचं तर विचारूच नका. माझ्या मते ही कुत्री मराठवाड्यात फेब्रुवारी ते जून दिवसा प्रवासाला नेऊच नयेत. परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तिथे हौस कसली करता?

आणि आधी एवढं बघा की जिथे निघालात तिथे कुत्र्याला आत सोडतात का. वेरूळ, अजिंठा, देवगिरीचा किल्ला, बीबी का मकबरा ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं. प्राणी आत नेता येत नाहीत. अजिंठ्याला तर गाडी फर्दापूर फाट्यालाच लावून पुढे बसने जावं लागतं, म्हणजे कुत्रं तासन्‌तास पार्किंगमध्ये. आमच्याकडे साधा नियम आहे: एक माणूस कायम कुत्र्यापाशी, पाळीपाळीने दर्शन. माणूस नसेल तर कुत्रं घरी.

दार आधी, पट्टा नंतर

मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर गाडी थांबताच ओळखीच्यांच्या पोराने मागचं दार उघडलं आणि त्यांचा बीगल मटणाच्या वासाने सुसाट सुटला. समोर धुळे-सोलापूर महामार्ग, त्यावरून उसाच्या जोड-ट्रॉल्या चाललेल्या. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं, मग ढाब्यावरच्या कुत्र्यांनी त्याला घेरून रानात पिटाळलं. सापडला अंधार पडल्यावर, तुरीच्या शेतात. गळ्यात पट्टा होता, पण त्यावर फोन नंबर नव्हता. नाव मात्र होतं, चमकीच्या अक्षरांत!

मी मागच्या दोन्ही दारांचं चाइल्ड लॉक लावून ठेवतो, म्हणजे आतून दार उघडतच नाही. दोरी हातात आल्याशिवाय बाहेरूनही नाही. काचांची बटणं ड्रायव्हरकडून लॉक करतो; पंजा पडून काच खाली-वर होते आणि मान अडकू शकते. कुत्रं मागच्या सीटवर, छातीच्या हार्नेसला, सीटबेल्टच्या खाचेत बसणाऱ्या पट्ट्याने बांधलेलं. गळ्यातल्या पट्ट्याला बांधलं तर जोराच्या ब्रेकला मानेला हिसका बसतो. पुढच्या सीटवर एअरबॅगचा धोका. मांडीवर घेऊन गाडी चालवणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं फोटोत छान दिसतं. डोळ्यात खडा गेला की डॉक्टरचं बिलही छान येतं.

निघताना पोटभर खाऊ घालू नका. तीन-चार तास आधी हलकं, मग मुक्कामी पोचल्यावर. पाणी मात्र दर थांब्याला, घरूनच कॅन भरून. ढाब्यावर कांदा घातलेलं काहीही नाही, शिजवलेली हाडंही नाहीत, पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी.

दुपारी डांबरावर उतरवण्याआधी हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. आम्ही पहाटे चारला निघतो आणि दहाच्या आत पोचतो. समृद्धीवरून जाणार असाल तर ‘वाटेत बघू’ म्हणू नका, हवं तिथे गाडी थांबवता येत नाही.

रेबीजच्या लसीचं कार्ड गाडीत ठेवा, आणि वाटेतल्या डॉक्टरांचे नंबर निघण्याआधीच काढून ठेवा. परभणी आणि उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्या बाजूला असाल तर लक्षात असू द्या. शेतातल्या घरी मुक्काम केला असेल तर परतल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली गोचीड तपासा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत खाणं सोडलं किंवा ताप आला तर डॉक्टरला आधी सांगा की कुत्रं गावाला जाऊन आलंय. गोचीड तापाची रक्ततपासणी त्यावरून लगेच होते.