दातांसाठी लवंग, कडुनिंब, हळद वापरताय? या चुका टाळा

खालच्या पुढच्या दातांच्या मागून जीभ फिरवून पाहा. काहीतरी बुळबुळीत लागलं, तर तो जंतूंचा थर. बायोफिल्म किंवा प्लाक म्हणतात तो हाच. घरगुती उपायांची सगळी गडबड इथे होते, कारण आपण जंतू मारायला निघतो आणि थराचा विचारच करत नाही.

हे कोडं जुनं आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेवेनहुकने १६८३ मध्ये दातांवरचा मळ भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याला त्यात वळवळणारे जीव दिसले. पुढे त्याच्या हेही ध्यानात आलं की व्हिनेगरने मळाच्या बाहेरचे जीव मरतात, आतले तसेच राहतात. लवंगेच्या पाण्याचंही तेच होतं. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे जंतू साखरेपासून ग्लुकॅन नावाचा चिकट पदार्थ तयार करतात आणि त्याच्या आड सुरक्षित बसतात. ‘कडुनिंबाचा अर्क जंतू मारतो’ असं सांगणारे बरेच प्रयोग काचेच्या बशीतल्या मोकळ्या जंतूंवर झालेले असतात. तिथे अर्क तासन् तास टिकून राहतो. तोंडात लाळ तो काही मिनिटांत धुऊन नेते.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे घासण्याऐवजी चूळ भरणं. आधी ब्रशने थर मोडा, दातांच्या फटींतून दातांसाठीचा धागा (फ्लॉस) फिरवा, मग हवी तर त्रिफळ्याच्या गाळलेल्या काढ्याची किंवा बिनसाखरेच्या ग्रीन टीची चूळ भरा. ग्रीन टीमधली कॅटेचिन्स ही द्रव्यं ग्लुकॅन बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. जमून बसलेला थर मात्र त्यांनी सुटत नाही. फ्लोराइडची पेस्टही बंद करू नका. दाताचं कवच टिकवण्याचं तिचं काम यातली कुठलीही वनस्पती करत नाही.

दुसरी चूक कडक मात्रेची. लवंगेच्या तेलात बहुतांश युजेनॉल हे झणझणीत द्रव्य असतं. ते नुसतं हिरडीवर चोळलं तर कातडी पोळून पांढरी पडते. लावायचंच असेल तर चमचाभर खोबरेल तेलात एखादा थेंब पुरे, आणि तेही दंतवैद्याकडे जाईपर्यंतच. लहान मुलांच्या हाती ही बाटली लागू देऊ नका, पोटात गेल्यास यकृताला इजा होऊ शकते. लिंबू तर दातांवर घासूच नका. सामू (pH, जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं, आणि लिंबाचा रस त्याहून कितीतरी आंबट.

हळदीचं पाणी भरपूर लोक वापरतात. हळदीतलं मुख्य द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे चुळीत रंग उतरतो, गुण फारसा नाही. त्यात रात्री झोपताना हळद-मधाचा लेप लावणारे भेटतात! झोपेत लाळ कमी सुटते आणि मधातली साखर जंतूंना आयती मिळते.

दातणाचं म्हणाल तर कडुनिंबाची किंवा बाभळीची ताजी, करंगळीपेक्षा बारीक काडी चांगली. टोक चावून मऊ कुंचला झाल्याशिवाय घासायला घेऊ नका. वाळकी काडी हिरडीत टोचते. आडवं खसाखसा घासलं तर हिरडी मागे सरते आणि मुळाशी खाच पडते. शिवाय काडी दाढांच्या आतल्या बाजूला पोचत नाही, ती जागा ब्रशचीच.

तेलाची चूळ, म्हणजे गंडूष, करायची तर तिळाचं किंवा खोबरेल तेल चालेल. ते गिळू नका, घशात गुळगुळवू नका. श्वासावाटे फुफ्फुसात तेल गेलं तर न्यूमोनियासारखा त्रास होतो. थंडीत खोबरेल तेल बेसिनमध्ये थुंकणाऱ्यांना प्लंबर लवकर भेटतो, हा वेगळाच खर्च.

मशेरी लावणाऱ्या मावशींना ‘ही पण झाडापासूनच आहे’ असं म्हणताना ऐकलंय. आहेच, तंबाखूच्या झाडापासून. भारतात टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. घरी भाजलेली मशेरी त्या बंदीत सापडत नाही, पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका तोच. राखुंडीत तंबाखू नसली तरी तिच्या खरखरीने दात झिजतात.

एवढं करूनही घासताना रक्त येत असेल, तर लोक नेमकी तीच जागा घासायचं सोडतात. तिथे थर आणखी साचतो, हिरडी आणखी सुजते. मऊ ब्रशने रोज, हलक्या हाताने तिथेही घासा. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर दंतवैद्य गाठा. मधुमेह असेल तर तेवढंही थांबू नका.

आणि थर टणक, पिवळट झाला असेल, तर ते किटण. लाळेतलं कॅल्शियम त्यात बसलेलं असतं. ते कुठल्याच पाल्याने, तेलाने सुटत नाही, आणि घरी टोकदार वस्तूने खरवडायचं तर मुळीच नाही. दवाखान्यात काढून घ्यावं लागतं. ‘साफ करून घेतलं की दात हलायला लागतात’ हा समज बहुतेक घरांत आहे. खरं तर दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं, किटणाने दात एकमेकांना जखडलेले असतात. ते निघालं की हलणं जाणवतं, इतकंच.