आधी सीलंट, मग वॅक्स

इंदूरच्या मे महिन्यात दुपारी बॉनेटवर हात टेकवत नाही. त्यामुळे गाडीच्या रंगावर सीलंट, म्हणजे रंग जपणारा कृत्रिम थर, आणि त्यावर वॅक्स चढवायचं काम सकाळी लवकर, सावलीतच उरका. तापलेल्या पत्र्यावर सीलंट झटकन सुकतं आणि पुसताना ढगाळ डाग राहतात.

गाडी शाम्पूने धुवा. बोअरिंगचं पाणी असेल तर गाडीवर सुकू देऊ नका, क्षारांचे ठिपके बसतात. हात फिरवून खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवा, भरपूर ओलावा ठेवून. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, म्हणजे उरलेला तेलकटपणा जातो आणि सीलंट धरतं. ही पायरी गाळायची आणि सीलंट टिकलं नाही म्हणून बाटलीला दोष द्यायचा, हे नेहमीचंच.

एका दरवाजाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. थर जेमतेम दिसावा इतका पातळ हवा. बोट ओढून स्वच्छ रेघ उमटली की मायक्रोफायबरने काढा. पुढच्या थराआधी बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा 12 ते 24 तास, गाडी कोरडी ठेवा.

कार्नोबा वॅक्स, म्हणजे ताडाच्या पानांपासून केलेलं मेण, शेवटी. उलटं केलंत तर मेणावर सीलंट धरतच नाही. दोनाहून जास्त थरांनी फक्त हात दुखतात. काळ्या प्लास्टिकला आधी मास्किंग टेप लावा. तिथले पांढरट डाग फार चिवट.