शिक्षा वाढवण्यापूर्वी: जरब बसवू पाहणाऱ्यांसाठी

वसतिगृहात, कार्यालयात किंवा कारखान्यात नियम वारंवार मोडले जाऊ लागले की पहिली सूचना बहुधा दंड वाढवण्याची येते. ती अमलात आणण्यापूर्वी थोडे थांबावे. कारण जरब नियमावलीत नसते, ती नियम मोडू पाहणाऱ्याच्या मनातल्या अंदाजात असते.

त्यामुळे सुरुवात त्याच्या बाजूने करावी. आपण सापडू असे त्याला खरोखर वाटते का, हे आधी पाहावे. शिक्षा किती होईल हा प्रश्न नंतरचा. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची अटळता गुन्ह्याला अधिक आवर घालते, असे इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया यांनी 1764 मध्येच मांडले होते, आणि पुढच्या संशोधनाचा कलही बहुतांशी तसाच आहे. मोह आत्ताचा असतो, शिक्षा पुढची आणि तीही झाली तर. साहजिकच मनाच्या हिशेबात ती हलकी पडते आणि सापडण्याची शक्यता फार कमी वाटली की हिशेबातूनच गळते. म्हणून हाताशी असलेला वेळ आणि पैसा शिक्षा कडक करण्याऐवजी चूक लवकर उघड होईल अशा व्यवस्थेवर खर्च करावा.

ही व्यवस्था टिकेल का, हे मात्र घोषणेपूर्वीच तपासावे. ब्रिटनमध्ये 1967 साली मद्यपी चालकांच्या श्वासाची तपासणी सुरू झाली, तेव्हा गाजावाजा मोठा झाला आणि अपघाती मृत्यू लक्षणीय घटले; पण प्रत्यक्षात तपासणी क्वचितच होते हे चालकांना अनुभवाने कळत गेले, तसा काही वर्षांत तो परिणाम ओसरला. कायदा तोच होता, उतरला तो धाक. तेव्हा झेपेल तेवढीच तपासणी जाहीर करावी, तिची वेळ ओळखता येऊ देऊ नये आणि पहिल्या उल्लंघनाला, ते किरकोळ असले तरी, ठरलेली शिक्षा त्वरित द्यावी. पहिल्या वेळी केलेली डोळेझाक साऱ्यांच्या लक्षात राहते.

दंड पैशांत ठेवायचा असेल तर अधिक जपावे. इस्रायलमधील हैफा येथे काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला. हा प्रयोग अर्थतज्ज्ञ उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केला. पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटे. दंड आल्यावर उशीर ही जणू विकत मिळणारी सोय झाली, आणि दंड रद्द केल्यावरही तो संकोच परतला नाही. जिथे लाज किंवा आपुलकी काम करत आहे तिथे किरकोळ दंड लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इशारा देताना ‘केलेस तर शिक्षा होईल’ एवढे सांगून भागत नाही. ‘थांबलास तर होणार नाही’ यावरही समोरच्याचा विश्वास बसावा लागतो, आणि नेमका हाच भाग बहुतेक जण विसरतात. काहीही केले तरी मार बसणारच, अशी ज्याची खात्री झाली त्याला थांबण्याचे कारण उरत नाही. 1962 मध्ये सोव्हिएत संघाने क्यूबात क्षेपणास्त्रे बसवल्याने पेचप्रसंग उभा राहिला, तेव्हा अमेरिकेने क्यूबाची नाकेबंदी केली, पण त्याचबरोबर क्यूबावर आक्रमण न करण्याची हमी दिली आणि तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे काढून घेण्याचेही गुप्तपणे मान्य केले. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना माघार घेता आली ती या वाटेमुळे. शिवाय नुकसान दिसू लागलेला माणूस ते टाळण्यासाठी एरवी पत्करणार नाही असा धोका पत्करतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवले. म्हणून इशारा शक्यतो खासगीत द्यावा आणि त्यात मान राखून मागे फिरण्याची मुभा ठेवावी.

रागाच्या किंवा नशेच्या भरात होणाऱ्या कृत्यांना यातले फारसे काही लागू पडत नाही, कारण त्या क्षणी हिशेब मांडलाच जात नाही. तिथे इशाऱ्यांचे फलक वाढवण्यापेक्षा कुलूप लावावे, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी किंवा भांडणाऱ्या दोघांच्या कामाच्या वेळा वेगळ्या कराव्यात.